द्विवचन

१

सकाळी सात वाजता आम्ही दोघं स्वयंपाकघरातल्या लाल खुर्च्यांवर बसून कॉफी घेतो. मग मी पेपर उघडतो आणि हातात पेन घेऊन त्यातल्या चुका काढतो. कुणी सांगितलेलं नाही. चाळीस वर्षं एका दैनिकात मुद्रितशोधक होतो, ती खाज आता जात नाही, एवढंच. गेल्या जूनपर्यंत हे सगळं मी एकटा करत होतो. माझी बायको झ्मागा जाऊन तेव्हा नऊ वर्षं झाली होती.

मे महिन्यात येरित्साचा फोन आला. येरित्सा माझी मुलगी, एकुलती एक. ऑस्ट्रियात ग्रात्सला असते, गाडीने तीन तासांच्या अंतरावर, आणि तरी वर्षातून दोनदा फोन करते. ख्रिसमसला आणि माझ्या वाढदिवसाला. मे महिन्यात यातलं काहीच नसतं.

"बाबा, माझं घर अजून आहे का तिथे?"

"हे काय विचारणं झालं? सगळंच तुझं आहे."

"ते नव्हे हो. प्लास्टिकचं. अंगणातलं."

आहे म्हणजे काय! जर्दाळूच्या झाडाखाली उभं आहे. लाल छप्पर, पिवळ्या भिंती, निळं दार, एका मोठ्या माणसाने गुडघे पोटाशी घेतले तर मावेल एवढं. इथे स्लोव्हेनियात, आमच्या विपावा खोऱ्यात, हिवाळ्यात बोरा वारा सुटतो, तो कौलं उचलून नेतो, म्हणून आम्ही छपरांवर दगड ठेवतो. त्या घरकुलातही मी दर हिवाळ्यात चार दगड ठेवत आलो आणि दर वसंतात काढून पाइपने ते धूत आलो. का, ते विचारू नका. माझी लेक एकेकाळी त्यात बसायची, हे कारण मला पुरतं.

"झार्याला दोन आठवडे तुमच्याकडे ठेवीन म्हणते," येरित्सा म्हणाली. "पण त्याआधी तेवढं रंगवून घ्या. स्प्रेचे डबे मिळतात. फिका रंग, ओल्या वाळूसारखा. फोटो पाठवते. हल्ली सगळेच करतात."

"लाल-पिवळ्याने काय घोडं मारलंय? पोरांना तर—"

"डोळ्यांना खुपतो तो लाल."

"कुणाच्या डोळ्यांना?"

"आमच्या," ती म्हणाली.

मी पुढे काही विचारलं नाही. नात झार्या पाच वर्षांची झाली होती आणि एक रात्रही माझ्याकडे राहिली नव्हती. येरित्साने सांगितलं असतं तर मी गावातल्या चर्चचा मनोराही ओल्या वाळूसारखा रंगवून दिला असता.

२

ते घर आम्ही चौऱ्याण्णव साली इटलीतल्या त्रिएस्तेहून आणलं. तेव्हा सगळं गावच शनिवारी सीमा ओलांडून त्रिएस्तेला खरेदीला जायचं; कॉफी, जीन्स, धुण्याची पावडर. आम्ही घर घेतलं. ते गाडीच्या टपावर दोरीने बांधलं, आणि दोरीवर विश्वास नव्हता म्हणून झ्मागा वाटभर खिडकीतून हात काढून त्याचं छप्पर धरून बसली. सीमेवरचा पहारेकरी वाकून म्हणाला, "घर घेतलंत, चांगलं केलंत. सासूबाईंना मागे डिकीत ठेवलंय का?" झ्मागा गावात पोचेपर्यंत हसत होती. ते हसू मला अजून जसंच्या तसं ऐकू येतं. त्यासाठी मला कशाचीच गरज लागत नाही.

येरित्सा तेव्हा पाच वर्षांची. ती घरात शिरली ती त्या उन्हाळ्यात फक्त जेवायला बाहेर आली.

आता थोडं व्याकरण, त्याला इलाज नाही. आमच्या स्लोव्हेनियनमध्ये एक आणि अनेक यांच्या मधे दोनासाठी वेगळं रूप आहे. संस्कृतात होतं तसंच द्विवचन. नवरा-बायको, दोन मैत्रिणी, दोन कोंबड्या, सगळ्यांना ते लागतं. तिसरं कुणी आलं की अनेकवचन. टीव्हीवरचे शिकलेसवरलेले लोक इथे रोज चुकतात आणि मी घरात बसून ओरडतो.

आणि माझी पाच वर्षांची पोर कधीच चुकत नव्हती. फक्त ती द्विवचन भलत्याच ठिकाणी वापरत होती.

"आम्ही दोघी खेळतोय."

"आम्हा दोघींना तहान लागलीय."

घरात ती एकटी असायची. शेजारच्या मिलोय्काला मुलगे होते, तेही मोठे.

"सुधारतोस काय तिला?" झ्मागा म्हणायची. "पोरीचं व्याकरण बघ किती स्वच्छ आहे! तुझ्या संपादकाला जमत नाही ते."

मला आधी मजा वाटली, खोटं कशाला बोलू. ऑफिसात सांगायचो. पण ऑगस्ट संपत आला तरी तिच्या तोंडून 'मी' येईना. "आम्हा दोघींना तो लाल रंग आवडत नाही," असंही एकदा म्हणाली. एका सकाळी मी दारासमोर उकिडवा बसलो.

"आत कितीजण आहात?"

"दोघी."

"मोज."

तिने स्वतःच्या छातीला बोट लावलं, मग शेजारच्या रिकाम्या जागेला.

चुकीचं वाक्य समोर असलं की मला ते तसंच सोडता येत नाही. मी निळं दार लावून घेतलं आणि म्हणालो, "आत एकच मुलगी आहे. ती 'मी' म्हणेल तेव्हा बाहेर येईल."

झ्मागा माहेरी गेली होती, नाहीतर तिने मला धरून हाणलं असतं. दहाला लावलेलं दार तीन वाजता उघडलं. मधे रडणं आलं, मग बराच वेळ कुजबुज, मग काहीच नाही. शेवटी येरित्सा रांगत बाहेर आली आणि म्हणाली, "मला भूक लागली."

मला! एकवचन! मी तिला उचलून घेतलं, त्रिएस्तेहून आणलेलं चॉकलेट दिलं. आपण काहीतरी नीट केलं असं मला त्या दिवशी खरोखर वाटलं. आज ते आठवलं की तोंडाची चव जाते.

३

त्यानंतर येरित्साने द्विवचन कधी वापरलं नाही. खऱ्या दोघांसाठीसुद्धा नाही.

"आई आणि मी, आम्ही सगळ्या बाजारात गेलो." शाळेच्या निबंधात हेच. मुद्रितशोधकाची मुलगी आणि दोनाच्या जागी अनेकवचन! बाई मला रस्त्यात थांबवून हसायच्या. मी रोज रात्री तिच्याकडून घोटून घेत होतो, ती मान खाली घालून म्हणायची, आणि सकाळी पुन्हा तेच. अठराव्या वर्षी ती ग्रात्सला शिकायला गेली. "जर्मनमध्ये ही कटकट नाही, बाबा," एवढंच म्हणाली.

लग्नाची पत्रिका पाठवली तीत लिहिलं होतं, 'रुपर्ट आणि मी, आम्ही सर्व लग्न करीत आहोत.' मी लाल पेनने दुरुस्त करून परत पाठवली. गंमत म्हणून. देवाशपथ, गंमत म्हणूनच. त्यानंतर फोन वर्षातून दोनदा होऊ लागले.

४

जूनच्या पहिल्या आठवड्यात मी कामाला लागलो. दुकानदाराने सांगितलं होतं ते अक्षरशः पाळलं. घर साबणाने धुतलं, पॉलिश पेपरने घासलं, प्लास्टिकला रंग धरावा म्हणून आधी पारदर्शक अस्तराचा स्प्रे मारला. खिडक्यांवर जुन्या पेपरची पानं चिकटपट्टीने लावली. चाळीस वर्षांत मी सुधारलेले पेपर माळ्यावर पडून आहेत, ते कधी कामाला येणार?

मिलोय्का कुंपणावर कोपरं टेकून बघत होती. "रादो, रंगवतोयस की रंग उडवतोयस? पातळ कॉफीसारखं दिसतंय."

"याला सौम्य म्हणतात. तुला नाही कळायचं."

"सौम्य! अरे, आजारी माणसाचा चेहरा असतो असा."

"तुझ्या कोंबड्या आवर आधी."

बाहेरून दोन हात दिले, मग आतूनही. लाल छप्पर पहिल्या फवाऱ्यात गुलाबी झालं, दुसऱ्यात नाहीसं. मला अचानक गलबललं. झ्मागाने खिडकीतून हात काढून धरलेलं छप्पर ते. पण डबा खाली ठेवला नाही, रडत रडत मारला. एका तासात बाहेरचा रंग खडखडीत वाळला.

आतला वाळला नाही. दुसऱ्या दिवशी बोट लावलं तर चिकट, तिसऱ्या दिवशीही चिकट. दुकानदार म्हणाला, "जाड थर बसला असेल. हवा खेळू द्या." मी दार सताड उघडं ठेवलं. दोनदा ते मला लावलेलं सापडलं. वारा, दुसरं काय.

चौथ्या दिवशी मागच्या खिडकीवरच्या कागदाला दोन भोकं दिसली. पेन्सिल जाईल एवढी, शेजारी शेजारी. कागदाच्या कडा बाहेर वळलेल्या होत्या. मी मिलोय्काच्या कोंबड्यांना शिव्या घातल्या आणि नवा कागद लावला. कोंबडी आतून बाहेर चोच कशाला मारेल, हा विचार भांडी घासताना आला. मी नळ बंद केला.

पाचव्या दिवशी नव्या कागदावर, त्याच उंचीवर, पुन्हा दोन भोकं होती. यावेळी कागद बदलला नाही. नको वाटलं.

५

शनिवारी येरित्सा आणि झार्या आल्या. झार्या गाडीतून उतरली तीच बोलत. "नोनो!" आमच्या खोऱ्यात आजोबाला नोनो म्हणतात, हे तिला आईने शिकवलं होतं, एवढ्यानेच मी विरघळलो. "नोनो, मम्मी आणि मी, आम्ही सगळ्या वाटभर गाणी म्हणत आलो!"

जीभ कुठे गप्प बसते. "दोघी, पिल्लू. तू आणि मम्मी, म्हणजे दोघी."

"बाबा, नका ना," येरित्सा म्हणाली. "परदेशात वाढलेली पोरं चुकतात अशी."

पण झार्याला तो खेळच झाला. दोन कप, दोन चमचे, दोन कोंबड्या. नोनो आणि मी, आपण दोघं. संध्याकाळपर्यंत एकदाही चुकली नाही. मला एवढा आनंद किती वर्षांत झाला नव्हता.

रविवारी दुपारी जर्दाळूचे कोंबट लाडू खाल्ले, उकडलेले, वर साखर आणि भाजलेला पावाचा चुरा, झ्मागा करायची तसे. मग निघण्याआधी येरित्सा एकटीच त्या घरकुलाकडे गेली. मी सांगत होतो, आतला रंग ओला आहे, कपडे खराब होतील. तिने ऐकलं नाही. गुडघे टेकून आत शिरली आणि दार ओढून घेतलं.

आम्ही दोघं, झार्या आणि मी, बाकावर वाट बघत बसलो. आतून कुजबुज येत होती. तो आवाज मी तीस वर्षांपूर्वी ऐकला होता.

पंधरा मिनिटांनी ती बाहेर आली. चेहरा पांढरा, पण खांदे सैल झालेले. डोईवरचा भारा उतरवलेल्या बाईसारखी उभी होती. तिने झार्याला बाजूला घेतलं आणि बजावलं, "रंग पूर्ण वाळेपर्यंत आत पाऊल टाकायचं नाही. शपथ?"

"शपथ."

मग माझ्याकडे वळून ती हसली. "मला पुन्हा भूक लागली."

६

सहाच्या सुमारास तिचा फोन आला. बाहेर लख्ख ऊन होतं. मी स्वयंपाकघरात उभा राहून बोलत होतो.

"पोचले, बाबा. रुपर्टने सूप केलंय. आम्ही दोघं बाल्कनीत बसलोय."

आम्ही दोघं!

तीस वर्षं घोटून जे आलं नव्हतं ते असं सहज, श्वास घेतल्यासारखं. माझे डोळे भरून आले. "शाबास गं माझी बाय," असं काहीतरी बोलून गेलो. तीही हसली, मोकळं, लहानपणीसारखं.

फोन ठेवला आणि मी हिशेब जुळतो का ते पाहू लागलो. जुनी सवय, वाक्य बरोबर असलं तरी एकदा मागे जाऊन तपासायचं. आई आणि मी, आम्ही सगळ्या. रुपर्ट आणि मी, आम्ही सर्व. मी जिथे जिथे लाल खूण केली होती तिथे तिथे एक माणूस वाढवून पाहिलं. एकही वाक्य चुकीचं निघालं नाही. पोर तीस वर्षांत एकदाही चुकली नव्हती. आज 'दोघं' ऐकून मी शाबासकी दिली, चूक ती होती.

मी अंगणात धावलो. झार्या घरकुलाच्या पायरीवर बसली होती. फ्रॉकच्या बाहीला ओल्या वाळूचा रंग लागला होता.

"आत गेली होतीस?"

"दारापर्यंतच. बोलावलं म्हणून."

"कुणी?"

ती फ्रॉक झटकून उठली. "नोनो, आपण सगळे जेवायला जाऊया?"

"दोघं," मी म्हणालो. "आपण दोघं, झार्या."

"नाही नोनो." ती अगदी शांतपणे म्हणाली. "मोज ना."

तिने टेबलावर तीन ताटल्या मांडल्या. मी एक उचलली तर ती अशी रडली की मी परत ठेवली. लाल खुर्चीवर मात्र ती बसेना. "आम्हा दोघींना खुपतो," म्हणाली, आणि जमिनीवर बसून जेवली.

मी फोन लावला. येरित्साला 'तीन ताटल्या' एवढंच सांगितलं. मग तिचा रडण्याचा आवाज आला. "मला वाटलं ती तिथेच राहील. तिला आवडेल असा रंग करून दिला, दार उघडं ठेवलं... मला फक्त एकटं व्हायचं होतं, बाबा. मी निघाले, येतेच आहे."

"मी काय करू तोवर?"

"झार्याला 'मी' म्हणायला लावू नका. बाकी काहीही करा. पण ते नका."

७

उन्हाचे दोन तास अजून होते. मी झार्याला जर्दाळूखाली बसवलं, वाटीत फळं दिली, आणि गुडघे टेकून घरकुलात शिरलो. अडुसष्टाव्या वर्षी ते सोपं नसतं. दार ओढून घेतलं.

रंगाचा वास आणि उकाडा. गुडघे हनुवटीला लागले होते, पाठ भिंतीला चिकटली होती. तरीही माझ्या डाव्या बाजूला जागा होती. त्या घरात एवढी जागा उरायलाच नको होती. मी तिकडे बघितलं नाही. समोरच्या कागदावरच्या दोन भोकांतून ऊन येत होतं. ती भोकं माझ्या डोळ्यांना जुळत नव्हती, फार जवळ जवळ होती. एका डोळ्याने मला झार्या दिसली. तिने बी थुंकली आणि पुढचं फळ उचललं.

माझी बुद्धी सांगत होती, म्हाताऱ्या, ऊठ. पोरीला ताप असेल, लेक दमली असेल, तू उन्हात फिरलास. मी तिला म्हटलं, बरोबर आहे. आणि तिथेच बसून राहिलो.

माझ्याकडे द्यायला एकच गोष्ट होती. झ्मागाच्या शेवटच्या आठवड्यात मी हॉस्पिटलात तिला म्हटलं होतं, 'गुरुवारी आपण दोघं घरी जाऊ.' त्यानंतर नऊ वर्षं ते रूप माझ्या तोंडून स्वतःसाठी निघालंच नव्हतं. एकट्या माणसाला ते लागत नाही. काल-आज नातीच्या खेळात वापरलं, तेवढंच.

"तिला सोड," मी म्हणालो. "पोर आहे ती. त्या दिवशी दार मी लावलं होतं, तिच्या आईने नाही. माझं घर मोठं आहे आणि मी एकटा आहे."

काही झालं नाही. कुठेतरी कोंबडी ओरडली. मग डाव्या भिंतीवरच्या चिकट रंगात, माझ्या खांद्याच्या खाली, बारीक रेघा उमटताना दिसल्या. एक, मग पुष्कळ, लांब लांब. कुणी दमून भिंतीला डोकं टेकावं आणि केस उमटावेत, तशा.

मी डोळे मिटले आणि म्हणालो, "चल. आपण दोघं आत जाऊ."

दार ढकलून मी बाहेर आलो. उठायला वेळ लागला. झार्या माझ्याकडे बघत होती, आणि मग माझ्या किंचित डावीकडे, खाली. थोडा वेळ बघितलं आणि वाटी पुढे केली.

"नोनो, मला अजून जर्दाळू दे. मी एकटीनेच संपवली सगळी."

मी तिला घट्ट धरून रडलो. तिला काही कळलं नाही, तिने माझ्या कानाला चिकट हात पुसले. अंधार पडायच्या आत घरकुलाचा आतला रंग वाळून खडखडीत झाला. त्या रेघा तेवढ्या राहिल्या आहेत.

येरित्सा त्या रात्री आली आणि सकाळी झार्याला घेऊन गेली; आता दर रविवारी फोन करते. झार्याचं व्याकरण अगदी निर्दोष झालं आहे. मागच्या रविवारी येरित्साने विचारलं, "बाबा, कसे आहात?"

"आम्ही दोघं बरे आहोत," मी म्हणालो.

मी तिला कधीच न सुधारता सोडलं नव्हतं. तिने मला तसंच सोडलं.

मी ओल्या वाळूच्या रंगाचे आणखी दोन डबे आणून ठेवलेत. वारा थांबला की स्वयंपाकघरातल्या खुर्च्या अंगणात काढून रंगवायच्या आहेत. झ्मागाने हौसेने घेतल्या होत्या, जीव तुटतो, पण काय करणार. हल्ली आम्हा दोघांनाही तो लाल खुपतो.